बचतीचे आकडे आणि नागभीडचा हिशेब

६ एप्रिल २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या तेराव्या दिवशी, केंद्रीय मंत्रिमंडळाने काटकसरीचे दोन निर्णय एकाच वेळी जाहीर केले. खासदारांच्या वेतनात एका वर्षासाठी ३० टक्के कपात करण्यात आली. त्याचबरोबर खासदार स्थानिक क्षेत्र विकास निधी २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन आर्थिक वर्षांसाठी स्थगित करण्यात आला. या स्थगितीमुळे ७,९०० कोटी रुपये भारताच्या एकत्रित निधीत जमा होतील, असे सांगण्यात आले. लोकप्रतिनिधींनी स्वतःच्या पगाराला कात्री लावली ही गोष्ट सर्वसामान्यांच्या मनाला भिडणारी होती. साहजिकच चर्चा झाली ती पगाराची, आणि लक्षात राहिला तो ७,९०० कोटींचा आकडा. या दोहोंचा परस्परांशी संबंध किती, हे तपासण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही.

वस्तुतः ही तपासणी कागद-पेन्सिलीने दहा मिनिटांत होऊ शकते. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेत शिकलेला गुणाकार-भागाकार पुरतो. अडचण असते ती मोठ्या संख्यांच्या धास्तीची. आकड्यापुढे ‘कोटी’ हा शब्द आला, की आपले मन मोजणे सोडून नुसते थक्क होते. शंभर कोटी, हजार कोटी आणि लाख कोटी या तीन निरनिराळ्या रकमा सामान्य वाचकाला सारख्याच ‘प्रचंड’ वाटतात. सरकारी बचतीचे दावे खरे की फुगवलेले हे ठरवताना पहिला अडसर हाच असतो.

डोकी किती, रक्कम किती, काळ किती

कोणत्याही बचतीच्या दाव्याचा पाया तीन संख्यांचा असतो : किती जणांची कपात, प्रत्येकी किती रुपयांची आणि किती काळासाठी. या तिन्हींचा गुणाकार जाहीर झालेल्या रकमेच्या आसपास येतो का, ते आधी पाहावे.

लोकसभेचे ५४३ आणि राज्यसभेचे २४५ मिळून ७८८ सदस्य होतात. खासदार निधी २०११-१२ पासून प्रत्येकी वर्षाला ५ कोटी रुपये आहे. ७८८ गुणिले ५ म्हणजे ३,९४० कोटी आणि दोन वर्षांचे ७,८८० कोटी. जाहीर झालेला आकडा ७,९०० कोटींचा होता. म्हणजे तो बरोबर आहे. फक्त वरच्या शतकापर्यंत नेलेला आहे.

आता वेतनाकडे वळू. एप्रिल २०१८ पासून खासदाराचे मूळ वेतन दरमहा एक लाख रुपये होते. त्याचे ३० टक्के म्हणजे ३० हजार. वर्षाचे ३ लाख ६० हजार. त्याला ७८८ ने गुणले, की उत्तर येते २८ कोटी ३७ लाख. भत्त्यांतील कपात यात धरलेली नाही. ती धरली तरी रकमेची जात बदलत नाही. खासदार निधीच्या स्थगितीची रक्कम वेतनातील बचतीच्या सुमारे २७८ पट आहे. बोलबाला ज्या कपातीचा झाला, तिचा वाटा शंभर रुपयांत ३६ पैशांइतकाच होता. उरलेले ९९ रुपये ६४ पैसे कोणाच्याही पगारातून आलेले नव्हते. ते गावोगावच्या कामांतून आले होते.

संपूर्णाच्या तुलनेत

दुसरी पायरी तुलनेची. बचतीची रक्कम एकटी उभी केली, की ती नेहमी मोठी दिसते. तिला एकूण खर्चाच्या शेजारी उभे करावे. केंद्र सरकारचा २०२०-२१ चा अर्थसंकल्पीय खर्च ३० लाख ४२ हजार २३० कोटी रुपयांचा होता. त्याला ३६५ ने भागले, तर दिवसाचा खर्च सुमारे ८,३३५ कोटी, तासाचा ३४७ कोटी आणि मिनिटाचा पावणेसहा कोटींहून किंचित अधिक निघतो. या मापाने खासदारांच्या वेतनकपातीची वर्षाची बचत म्हणजे केंद्र सरकारचा पाच मिनिटांचा खर्च. खासदार निधीची एका वर्षाची बचत म्हणजे सव्वाअकरा तासांचा खर्च. त्या वर्षी महामारीमुळे प्रत्यक्ष खर्च ३५ लाख कोटींच्या पुढे गेला. अंदाजापेक्षा तो साडेचार लाख कोटींहून अधिक वाढला, ही गोष्टही याच शेजारी मांडून पाहावी.

यावरून वेतनकपात निरर्थक होती असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. संकटकाळी लोकप्रतिनिधींनी झळ सोसावी याला नैतिक मूल्य आहेच. सप्टेंबर २००९ मध्ये मंत्र्यांना विमानाच्या स्वस्त वर्गातून प्रवास करण्यास सांगण्यात आले, तेव्हाही हेतू तोच होता. परंतु उदाहरण घालून देणे वेगळे आणि तिजोरी भरणे वेगळे. पहिल्याचे श्रेय दुसऱ्याच्या आकड्यात मिसळले जाऊ नये, एवढेच.

हीच रक्कम नागभीडमध्ये

दिल्लीच्या हिशेबात जे सव्वाअकरा तास, ते एखाद्या दूरच्या तालुक्यात किती होतात, हेही पाहिले पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड हे गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावरील जंक्शनचे गाव. भात हे तालुक्याचे मुख्य पीक. एचएमटी या तांदळाच्या वाणाचे जनक दादाजी खोब्रागडे यांचे नांदेड हे गाव याच तालुक्यातले. नागभीड गडचिरोली-चिमूर या लोकसभा मतदारसंघात येते. चंद्रपूर, गडचिरोली आणि गोंदिया अशा तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे आणि सुमारे १६ लाख मतदार आहेत.

वर्षाचे ५ कोटी सहा विधानसभा क्षेत्रांत समान वाटले, तर प्रत्येकी ८३ लाख ३३ हजार रुपये येतात. प्रत्येक मतदारामागे ही रक्कम वर्षाला सव्वाएकतीस रुपये भरते. मतदाराच्या दृष्टीने ती किरकोळच. पण ती सुटी सुटी वाटली जात नाही. एकेका कामावर एकरकमी पडते. समजा, एक सभामंडप, शाळेची खोली किंवा पाणीपुरवठ्याचे लहान काम दहा लाख रुपयांत होते, तर ८३ लाखांत एका विधानसभा क्षेत्रातील अशी आठ कामे होतात. निधी थांबला, की ती आठ कामे थांबतात. शिवाय या निधीतील किमान १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के रक्कम अनुसूचित जमातींच्या वस्तीवर खर्च करण्याचे बंधन आहे. गडचिरोली-चिमूर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. म्हणजे देशाच्या खर्चात शंभर रुपयांमागे जेमतेम १३ पैसे असलेली ही कपात जंगलपट्ट्यात मात्र नेमक्या वस्त्यांवर उतरते. लहान-मोठेपणा हा आकड्याचा अंगभूत गुण नसतो. तो कोणत्या मापाने मोजला जातो यावर ठरतो.

या हिशेबाला आणखी एक जोड आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने ही योजना पुन्हा सुरू केली आणि त्या वर्षाच्या उर्वरित काळासाठी प्रत्येक खासदाराला २ कोटी रुपये देण्याचे ठरवले. ७८८ गुणिले २ म्हणजे १,५७६ कोटी परत गेले. सुरुवातीच्या ७,८८० कोटींतून ते वजा केले, तर बचत ६,३०४ कोटींवर येते. घोषणेच्या दिवशीचा ७,९०० कोटींचा आकडा मात्र अनेकांच्या स्मरणात तसाच राहिला. बचतीची घोषणा मोठ्या अक्षरांत होते. तिची दुरुस्ती बहुधा आतल्या पानावर जाते.

शून्यांची चूक

गुणाकार बरोबर असूनही एकक चुकले, तर सारा हिशेब कोसळतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत याचे ठळक उदाहरण घडले. सरकारी खर्च कमी करण्यासाठी नेमलेल्या ‘डोज’ या यंत्रणेने रद्द केलेल्या कंत्राटांची यादी प्रसिद्ध केली. त्यातील एका कंत्राटापोटी ८ अब्ज डॉलर वाचल्याचे दाखवले होते. प्रत्यक्षात ते कंत्राट ८० लाख डॉलरचे होते, आणि त्यातीलही काही रक्कम आधीच खर्च झाली होती. एका नोंदीत हजारपटीची चूक. त्या वेळी संपूर्ण यादीची बेरीज १६ अब्ज डॉलरच्या आसपास होती. म्हणजे या एका दुरुस्तीने जवळजवळ निम्मी बचत नाहीशी झाली.

इंग्रजीत मिलियन आणि बिलियन यांत एकाच अक्षराचा फरक आहे. मराठीत लाख आणि कोटी हे शब्द ऐकायला वेगळे असल्याने आपण त्या चुकीपासून काहीसे सुरक्षित आहोत. आपली अडचण रूपांतराची आहे. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी किंवा एक अब्ज, आणि एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. अर्थसंकल्पाच्या अनेक तक्त्यांत रकमा ‘कोटी रुपयांत’ किंवा ‘हजार रुपयांत’ दिलेल्या असतात, आणि ते फक्त तक्त्याच्या कोपऱ्यात लिहिलेले असते. तो कोपरा वाचल्याशिवाय आकडा वाचू नये.

पडताळणीसाठी तीन गुणाकार पाठ असले तरी पुष्कळ काम भागते. हजार गुणिले लाख म्हणजे दहा कोटी. लाख गुणिले लाख म्हणजे हजार कोटी. लाख गुणिले कोटी म्हणजे लाख कोटी. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. दरडोई शंभर रुपये वाचवणारी योजना राज्याचे १,१२४ कोटी वाचवते. तिने लाख कोटी वाचतील असे कोणी सांगितले, तर कुठेतरी दोन शून्ये आगंतुक आली आहेत, हे लगेच ध्यानात यावे.

बचत कशामुळे झाली?

काही वेळा गुणाकार आणि एकक दोन्ही निर्दोष असतात. चूक असते ती गृहीतकात. स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान थेट बँक खात्यात देण्याची ‘पहल’ योजना जानेवारी २०१५ पासून देशभर लागू झाली. तिच्यामुळे ३ कोटी ३४ लाख बनावट, दुहेरी किंवा निष्क्रिय जोडण्या उघड झाल्या आणि सुमारे १५ हजार कोटी रुपये वाचले, असे त्या वेळी सांगितले गेले. ३ कोटी ३४ लाख गुणिले वर्षाचे १२ सिलिंडर म्हणजे सुमारे ४० कोटी सिलिंडर. १५ हजार कोटींना ४० कोटींनी भागले, की सिलिंडरमागे पावणेचारशे रुपये येतात. गुणाकार जुळतो. पण प्रत्येक निष्क्रिय जोडणीवर बाराच्या बारा सिलिंडर उचलले गेले असते, हे त्यामागचे गृहीतक होते. प्रत्यक्षात सरासरी ग्राहक वर्षाला त्याच्या निम्म्याच्या आसपास सिलिंडर घेत असे. बाराऐवजी सहा धरले, की बचत अर्धी होते. शिवाय देशभरची अंमलबजावणी आर्थिक वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत सुरू झाली. त्या वर्षाच्या खात्यात बारा महिन्यांची बचत धरता येत नाही.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात हा प्रश्न दुसऱ्या बाजूने तपासला. एप्रिल ते डिसेंबर २०१४ या काळात अनुदानापोटी ३५,४०० कोटी रुपये गेले होते; २०१५ च्या त्याच नऊ महिन्यांत ते १२,०८४ कोटींवर आले. फरक २३,३१६ कोटींचा. त्यापैकी सिलिंडरची उचल घटल्यामुळे झालेली बचत १,७६४ कोटींची, तर उरलेली २१,५५२ कोटींची घट आंतरराष्ट्रीय बाजारातील भाव कोसळल्यामुळे, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे शंभर रुपयांच्या घटीत साडेसात रुपये उचल घटल्याचे आणि साडेब्याण्णव रुपये बाजाराचे. बनावट जोडण्या बंद करणे हे चांगलेच काम. पण खर्च कमी झाला आणि तो आमच्यामुळे कमी झाला, ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसऱ्यासाठी वेगळा पुरावा लागतो.

टक्का कशाचा?

टक्केवारीचा दावा आला, की पहिला प्रश्न विचारावा : कशाचे टक्के? ४ मे २०२० रोजी राज्याच्या वित्त विभागाने विविध योजनांवरील खर्चाला ६७ टक्के कात्री लावली आणि विभागांना ३३ टक्केच निधी मिळेल असे स्पष्ट केले. हे ऐकून राज्याचा दोन तृतीयांश खर्च वाचणार, असा समज कोणाचाही झाला असता. तसे नव्हते. वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज यांत राज्याच्या महसुली खर्चाचा निम्म्याच्या आसपास भाग जातो, आणि त्याला हात लावता येत नाही. कात्री चालली ती उरलेल्या भागातील कार्यक्रमांवर. समजा, एकूण खर्चाच्या शंभर रुपयांत असे कार्यक्रम तीस रुपयांचे असतील, तर त्याच्या ६७ टक्के कपातीने वीस रुपये वाचतात, सदुसष्ट नव्हे.

उलट दिशेनेही हाच सापळा असतो. शंभराचे तेहतीस झाले आणि पुढच्या वर्षी त्याचे सहासष्ट केले, तर ‘निधी दुप्पट केला’ असे खरेखुरे म्हणता येते. तरीही तो मूळ रकमेपेक्षा एक तृतीयांशाने कमीच असतो.

याहून शांतपणे होणारी कपातही असते. खासदार निधी २०११-१२ मध्ये ५ कोटी झाला, आणि २०२३-२४ मध्येही तो ५ कोटीच होता. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर ७२ ला ६ ने भागून येणाऱ्या बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. म्हणजे त्याच ५ कोटींत बारा वर्षांनी निम्मीच कामे होतात. या कपातीची घोषणा कोणी केली नाही, बचत म्हणून तिची नोंदही कुठे नाही. पण नागभीडसारख्या तालुक्यात सहा विधानसभा क्षेत्रांच्या वाटणीनंतर उरणारी कामे आठांवरून चारांवर येतात.

पुढे ढकललेला खर्च

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की खर्च खरोखर टळला की फक्त पुढे गेला? याचे उत्तर नागभीड तालुक्याच्या शिवारातच आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाच्या उजव्या कालव्यावरून निघणाऱ्या घोडाझरी शाखा कालव्याचे लाभक्षेत्र या तालुक्यात येते. प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी २२ लाखांचा होता. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि २०१२-१३ च्या दरांनुसार सुधारित अंदाज सुमारे १८,४९४ कोटींवर गेला. मूळ रकमेच्या जवळजवळ पन्नास पट.

यात महागाईचा वाटा किती, हेही त्याच ७२ च्या नियमाने ताडून पाहता येते. वर्षाला ८ टक्के भाववाढ धरली, तर दर नऊ वर्षांनी रक्कम दुप्पट होते; तीस-एकतीस वर्षांत ती साधारण अकरा पटींवर जाते. ३७२ कोटींचे होतात ४ हजार कोटींच्या आसपास. उरलेल्या १४ हजार कोटींची कारणे भाववाढीबाहेर शोधावी लागतात : वाढलेले काम, भूसंपादन, पुनर्वसन, वनजमिनीचा प्रश्न, निविदांतील गैरव्यवहाराचे आरोप आणि वेळोवेळी अपुरा पडलेला निधी. प्रकल्पाची नियोजित सिंचनक्षमता २ लाख ५० हजार ८०० हेक्टर. मूळ अंदाजानुसार हेक्टरी खर्च सुमारे १४ हजार ८०० रुपये येत होता. सुधारित अंदाजानुसार तो ७ लाख ३७ हजार होतो.

रखडलेल्या वर्षांपैकी ज्या-ज्या वर्षी कालव्याच्या कामाला पैसे कमी मिळाले, त्या-त्या वर्षीच्या ताळेबंदात ते ‘न झालेला खर्च’ म्हणून दिसले असतील. त्यातून उद्भवलेला जादा भार मात्र पुढच्या दशकांच्या खात्यावर पडला. आणि धानाच्या बांधीत वेळेवर पाणी न पोहोचल्याने शेतकऱ्याचे जे गेले, ते तर सरकारच्या कोणत्याच खात्यात लिहिलेले नाही.

म्हणून पुढच्या वेळी सरकारी बचतीचा मोठा आकडा समोर येईल, तेव्हा वाचकाने क्रमाने विचारावे : डोकी, रक्कम आणि काळ यांचा गुणाकार जुळतो का? एकक तेच आहे ना? एकूण खर्चात याचा वाटा किती? टक्के कशाचे? बचत निर्णयामुळे झाली की भाव उतरल्यामुळे? नंतर त्यातले काही परत द्यावे लागले का? आणि खर्च टळला की लांबला? यांपैकी पहिले चार प्रश्न अंकगणिताचे आहेत. त्यांची उत्तरे घरबसल्या काढता येतात. उरलेल्या तिन्हींसाठी काही वर्षे थांबावे लागते, आणि कधीकधी घोडाझरीच्या कालव्यापर्यंत जाऊन यावे लागते.